पायाच्या शिरा फुगल्यात? मग या चुका टाळा

आपल्या मराठीत एक मोठा घोळ आहे, मेंदूकडून निरोप नेते तीपण नस आणि रक्त वाहून नेते तीपण नसच. त्यामुळे पायावर निळ्या, वळ्या पडलेल्या गाठीगाठीच्या रेषा दिसायला लागल्या की कोणीतरी सांगतंच, "नसा कमजोर झाल्यात, बी-१२ घे". मग महिनोन् महिने गोळ्या चालू, आणि पाय आहे तसाच. अहो तो बिघाडच वेगळा आहे. व्हेरिकोज व्हेन्समध्ये, म्हणजे या फुगलेल्या शिरांमध्ये, प्रॉब्लेम रक्तवाहिनीचा असतो, नर्व्हचा नाही, आणि शब्दाच्या या घोळात लोकांची वर्षं वाया जातात म्हणून आधी हेच सांगतोय.

नेमकं होतं काय? पायात उतरलेलं रक्त हृदयाकडे परत वर चढवायचं असतं. चालताना पोटरीचा स्नायू आवळला की आतली शीर दाबली जाते आणि रक्त वर ढकललं जातं, आणि शिरेच्या आत छोट्या छोट्या झडपा असतात त्या ते परत खाली येऊ देत नाहीत. झडप नीट मिटेनाशी झाली की रक्त खाली घसरतं, साचतं, शीर ताणली जाते, आणि ताणली की शेजारची झडपपण मिटत नाही. संध्याकाळी पाय जड होणं, घोट्याला सूज, मोज्याचा वळ उठणं हे सगळं त्यातूनच येतं.

आता हे कळलं की पहिली चूक लगेच दिसेल: "पाय दुखतोय, बसून आराम कर". खुर्चीत पाय खाली सोडून बसलं तर पोटरीचा पंप बंद आणि रक्त साचतच राहणार! तासन् तास एका जागी उभं राहणंही तितकंच वाईट. चाला, आणि चालणं शक्यच नसेल तर बसल्या जागी पंजे वर-खाली करत राहा. आराम करायचाच तर आडवं होऊन पाय छातीच्या पातळीपेक्षा वर येईल असा उशांवर ठेवा, १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. समोरच्या स्टुलावर ठेवलेला पाय हृदयाच्या खालीच राहतो, त्याने तितका फायदा होत नाही.

स्टॉकिंग्जच्या, म्हणजे पायाला दाब देणाऱ्या घट्ट लांब मोज्यांच्या बाबतीत तर इतके लोक चुकतात आणि मग म्हणतात उपयोगच नाही. दिवसभर कामं करून पाय सुजल्यावर घालायला घेतले तर ते चढतच नाहीत. सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या, सूज नसताना घालायचे, आणि मापही सकाळीच द्यायचं, घोट्याचं आणि पोटरीचं दोन्ही. लांब झाले म्हणून वरची कड दुमडू नका, तिथे दोरी बांधल्यासारखा फास बसतो. रोज वापरले तर साधारण सहा महिन्यांत ताण सैल पडतो, मग नवीन घ्यावे लागतात. आणि हे महत्त्वाचं, डायबेटिस असेल, सिगारेट ओढत असाल किंवा थोडं चालल्यावर पोटऱ्या धरून येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घट्ट स्टॉकिंग्ज घालूच नका. पायाकडे येणारा रक्तपुरवठाच कमी असेल तर वरून दिलेला दाब घातक ठरू शकतो.

माझ्या आईच्या पायाला घोट्याच्या आतल्या बाजूला आधी नुसती खाज यायची, मग कातडी काळपट पडली, आम्हाला वाटलं स्किनचं काहीतरी असेल म्हणून मलमं लावत बसलो आणि शेवटी तिथे जखम झाली जी भरायचं नावच घेईना. आजही वाईट वाटतं, कारण तो काळा डागच इशारा होता. शिरांच्या जखमेत मुख्य इलाज दाबाचं बँडेज असतो, मलम नाही. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ४५० पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला, बँडेज सगळ्यांनाच होतं, पण ज्यांची बिघडलेली शीर आतून बंद करण्याचा उपचार लवकर केला त्यांच्या जखमा साधारण ५६ दिवसांत भरल्या आणि ज्यांना थांबवून ठेवलं त्यांना ८२ दिवस लागले. म्हणून "आधी जखम भरू दे मग बघू" हे सरसकट धरून बसू नका, डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

"शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून" ही भीती मलापण होती. पायातलं जवळजवळ ९० टक्के रक्त खोलवरच्या शिरांमधून जातं, कातडीखालची बिघडलेली शीर लेझरने किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने (दोन्हीत आतून उष्णता देऊन) बंद केली तरी ते चांगल्या वाटेने वर जातं. फक्त त्याआधी डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, नीट व्हायला हवा, रक्त उलटं येतंय का हे उभं करून बघतात. नुसत्या वरून दिसणाऱ्या बारीक जाळ्या इंजेक्शनने घालवल्या आणि मागची मोठी शीर तशीच गळत राहिली तर त्या परत येण्याची शक्यता जास्त.

एकच पाय अचानक सुजला, गरम लागतोय, पोटरी दुखतेय, तर चोळू नका, मसाज तर अजिबात नको. आत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी.

फुगलेली शीर कधी कधी साध्या खरचटण्याने फुटते आणि रक्त इतकं येतं की माणूस घाबरून पळत सुटतो किंवा वर मांडीला दोरी आवळतो. दोन्ही नको. जिथे असाल तिथे आडवे व्हा, पाय उंच करा, स्वच्छ कपड्याने नेमकं तिथेच १०-१५ मिनिटं दाबून धरा, मध्ये मध्ये उघडून बघू नका. तरीही थांबलं नाही तर पाय उंचच ठेवून, दाब न सोडता ॲम्ब्युलन्स बोलवा.