व्यावसायिक स्नेहासाठी फुलांची भेट : कोकणातील उद्योजकांनी काय द्यावे, कसे द्यावे

रत्नागिरी-सिंधुदुर्गात व्यवसाय करणारा माणूस भेट म्हणून हंगामात आंब्याची पेटी आणि एरवी काजूगर देतो. मात्र आंबा आणि काजू हा आपल्यापैकी अनेकांचा विक्रीचाच माल असल्यामुळे पेटी हाती पडताच तिचा भाव मनात येतो आणि घेणाऱ्याला परतफेडीचे ओझे वाटू लागते. ताज्या फुलांच्या बाबतीत घेणाऱ्याला दिसते ते एवढेच की, कोणीतरी पहाटे उठून आपल्यासाठी ही फुले आणली. त्यामुळे फुलांवर किती खर्च केला यापेक्षा ती किती ताजी पोहोचली याला महत्त्व द्यावे, आणि पुढची सगळी तयारी त्याच दृष्टीने करावी.

फुलांची निवड आपल्या मातीतून करावी. घाटावरून येणारे जरबेरा आणि गुलाब कोणत्याही शहरात मिळतात; सुरंगी मात्र फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास वेंगुर्ले-सावंतवाडीच्या बाजारात जशी मिळते तशी मुंबई-पुण्यात सहजी मिळत नाही. सुरंगी आणि बकुळ यांचा आणखी एक गुण व्यवहारात फार उपयोगी पडतो : ही फुले सुकली तरी त्यांचा वास टिकतो. म्हणून दूरच्या ग्राहकाला पाठवायचे असेल तर बकुळीचा सर सुती कापडाच्या छोट्या पिशवीत घालून पाठवावा. तो टेबलाच्या खणात कित्येक दिवस दरवळत राहतो. अबोलीला वास नसतो, परंतु ती लवकर कोमेजत नाही, त्यामुळे समारंभ दिवसभर चालणार असेल तर ती निवडावी. सोनचाफा सर्वांत मोहक आणि सर्वांत नाजूक. तो पहाटे, फूल पुरते उमलण्याआधी खुडावा, पाकळ्या दाबू नयेत आणि फुलांवर पाणी शिंपडू नये, कारण ओलावा साचला की पाकळ्यांवर तपकिरी डाग पडतात. केळीच्या पानात सैल गुंडाळून तो त्याच सकाळी हातोहात पोहोचवावा. सोनचाफा कुरिअरने पाठवण्याचा विचारही करू नये.

कार्यालयात आठवडाभर टिकणारी सजावट हवी असेल तर अँथुरियम किंवा ऑर्किड घ्यावे. देठ धारदार सुरीने तिरके कापावेत आणि पाणी एक दिवसाआड बदलावे, ही सूचना भेटीसोबत लिहून द्यावी.

येथे एक चूक सांगतो, जी मी स्वतः केली आहे. एका एप्रिलमध्ये मुंबईच्या जुन्या खरेदीदाराकडे आंब्याच्या पेट्या जाणार होत्या, म्हणून त्याच बंद गाडीत मी ऑर्किडचा गुच्छही ठेवला. तो पोहोचला तेव्हा फुले माना टाकून बसली होती. पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि तो फुलांना अकाली कोमेजवतो, हे मला नंतर समजले. तेव्हापासून आंबा आणि फुले मी एका गाडीत, एका खोलीत किंवा एका फ्रीजमध्ये ठेवत नाही.

बांधणीसाठी चकचकीत प्लास्टिक वापरू नये. महाराष्ट्रात एकदा वापरून फेकण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर २०१८ पासून बंदी आहे. शिवाय उष्ण, दमट हवेत प्लास्टिकच्या आत फुलांना घाम सुटतो. बांबूची परडी, केळीचे पान आणि केळीच्या सोपटाचा दोरा एवढे साहित्य पुरते. कार्डावर हाताने लिहिलेल्या दोन ओळी असाव्यात आणि त्यांत व्यवहाराचा उल्लेख नसावा.

कोणाला काय द्यावे, याचा विचार मनापासून करावा लागतो. व्यवसायातील महिला अधिकाऱ्याला गजरा देऊ नये. तो घरगुती जवळिकीचा भाग आहे आणि कार्यालयात तिची अडचण होऊ शकते. तीच फुले परडीत सुटी दिली तर घेणाऱ्या प्रत्येकाला ती मोकळेपणाने स्वीकारता येतात. अन्य धर्मीय व्यापारी मित्राच्या परडीवर हळदकुंकू लावू नये आणि ईदसारख्या त्यांच्या सणाला आठवणीने फुले पाठवावीत. गोल चक्राच्या आकाराची सजावट टाळावी, कारण ती श्रद्धांजलीची असते. माझ्या मते सर्वांत चांगला प्रसंग खंडेनवमीचा. लोटे किंवा कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतील आपल्या पुरवठादाराकडे आदल्या संध्याकाळी झेंडूची टोपली आणि आंब्याचे टाळे, म्हणजे पानांच्या डहाळ्या, पाठवले, तर दुसऱ्या दिवशी यंत्रांची पूजा करणाऱ्या कामगारांपर्यंतही आपला स्नेह पोहोचतो. या दिवसांत आणि गणेशचतुर्थीला फुलांचे भाव बरेच चढतात, म्हणून फूलवाल्याला निदान आठवडाभर आधी सांगून ठेवावे.

निविदा उघडण्याच्या किंवा थकलेल्या बिलाच्या काळात काहीही पाठवू नये. मालाबद्दल तक्रार असेल तर आधी ती मिटवावी, मग फुले द्यावीत. सरकारी अधिकाऱ्यांना भेट पाठवूच नये. हिशेबाच्या बाजूने दोन गोष्टी माहीत असाव्यात : मोफत दिलेल्या भेटीवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही, आणि व्यवसायाच्या संबंधातून एकाच व्यक्तीला वर्षभरात २०,००० रुपयांपेक्षा अधिक मूल्याचा लाभ दिल्यास देणाऱ्याने करकपात (टीडीएस) करण्याची तरतूद १ जुलै २०२२ पासून लागू झालेली आहे. फुलांच्या भेटी सहसा या मर्यादेच्या फार खाली राहतात, तरी इतर भेटींसह एकत्रित नोंद ठेवावी.

ज्यांच्याशी संबंध अनेक वर्षांचा आहे, त्यांना पावसाच्या पहिल्या सरींनंतर सोनचाफ्याचे कलम द्यावे. मात्र लावायला जागा आहे का, हे आधी फोन करून विचारावे. जागा असेल तर खड्डा खणायला आपला माणूस सोबत पाठवावा.