ग्रीसमध्ये माणसं रेखाटायची तर

अथेन्सला अ‍ॅक्रोपोलिस नंतर बघा. आधी सकाळीच अथिनास रस्त्यावरचा वार्वाकिओस बाजार गाठा. मासळीवाले क्षणभर स्थिर नसतात, म्हणून मी आधी फळ्या, तराजू, लोंबते दिवे काढून घेते आणि माणसं मागाहून त्यात बसवते.

निवांत रेखाटायचं तर काफेनिओ, म्हणजे गावचं कॉफीघर. एक कॉफी मागवून कोपरा धरा. तावली या फाशांच्या खेळाचा पट मांडून बसलेले आजोबा फाशांवरून नजर हलवत नाहीत, बैठकही तीच राहते. बोटांतली कोंबोलोई, म्हणजे चाळ्याची मण्यांची माळ, मात्र सतत फिरते. तिथे बोटं मोजू नका, एक वळणदार रेघ पुरे. कुणी डोकावलं तर वही खुशाल पुढे करा. मला हे फार आवडतं.

सायक्लेड्स बेटांवर पांढऱ्या भिंतींसाठी कागद कोराच सोडा, फक्त निळसर सावली भरा. जुलै-ऑगस्टात मेल्तेमी हा जोराचा उत्तरी वारा सुटतो, तेव्हा वहीच्या पानांना चिमटे हवेतच.