गृहप्रकल्पाच्या रहदारीवर हरकत घ्यायचीय? आधी गाड्या नीट मोजा

मी पुण्याच्या पूर्वेला, वाघोली-केसनंद पट्ट्यात राहतो. मोठ्या प्रकल्पाची पाटी लागली की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला सल्ला येतो, सह्या गोळा करा. माझं स्पष्ट मत आहे, त्यात महिना घालवू नका. पाचशे सह्यांच्या वर 'इथे आधीच फार कोंडी होते' एवढंच लिहिलेलं असेल, तर तो अर्ज फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. आकडा दिला की समोरच्याला तो खोडून काढावा लागतो किंवा मान्य करावा लागतो.

कागद मिळवणं सोपं आहे. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते आणि तिची कागदपत्रं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर सापडतात. वाहतुकीचा अहवाल बहुतेक वेळा त्यातच असतो. मात्र २००६ च्या अधिसूचनेने गृहप्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलंय, त्यामुळे कुणीतरी बोलावेल म्हणून थांबू नका. मंजूर नकाशा माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांत. उत्तराची मुदत ३० दिवस. नकाशातून तीन गोष्टी काढा: सदनिका किती, पार्किंगच्या तक्त्यात गाड्या किती, आणि गेट नेमकं कुठे उघडतं.

आता मोजणी. मी इथेच पहिल्यांदा सपशेल चुकलो होतो.

आम्ही चौघं सकाळी साडेआठला चौकातच उभे राहिलो, जिथे गाड्या तुंबतात तिथेच. दोन तास मोजलं. आकडा आला तासाला हजार-अकराशे पीसीयू. पीसीयू म्हणजे सगळी वाहनं कारच्या मापात आणणं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १०६ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत दुतर्फा दोन पदरी मुख्य रस्त्याची क्षमता तासाला १,५०० पीसीयू धरली आहे. विकासकाच्या सल्लागाराने आमचाच कागद पुढे करून म्हटलं, बघा, अजून चारशेची जागा शिल्लक आहे. आमच्याकडे उत्तर नव्हतं.

ही चूक आजही मी लोकांना करताना बघतो, म्हणून सविस्तर सांगतो. गाड्या तुंबल्या की चौकातून कमी गाड्या बाहेर पडतात. तुम्ही तिथे मोजता ते चौक किती गाड्या सोडतो ते. किती गाड्यांना जायचंय, हे त्यातून कळतच नाही. जितकी कोंडी वाईट, तितका तुमचा आकडा लहान, आणि तो तुमच्याच विरोधात वापरला जातो. म्हणून रांगेच्या शेपटाच्याही मागे, गाड्या अजून मोकळ्या चालत असतील तिथे उभे राहा. शेपूट तुमच्यापर्यंत आलं तर त्या दिवसाची मोजणी सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी आणखी मागे जा. रांग आणि तुमची जागा यांच्यामध्ये मोठा फाटा नको, नाहीतर तिकडे वळणाऱ्या गाड्याही मोजल्या जातील. त्याच वेळी एक माणूस चौकात ठेवा. त्याने दर पंधरा मिनिटांनी रांग कितव्या विजेच्या खांबापर्यंत पोचली ते लिहायचं. हे दोन तक्ते शेजारी ठेवले की 'जागा शिल्लक आहे' असं कुणाला म्हणता येत नाही.

दुचाकी, रिक्षा, कार, बस-ट्रक यांचे रकाने वेगळे हवेत. दुचाकी एकूण वाहनांच्या दहा टक्क्यांहून जास्त असतील, आणि आपल्याकडे त्या असतातच, तर एक दुचाकी ०.७५ धरा. बस-ट्रकचं प्रमाणही तेवढं असेल तर एक ट्रक ३.७. ट्रॅक्टर-ट्रॉलीला तर ४ ते ५ मिळतात, तिला वगळू नका. मे महिना, दिवाळी, आठवडेबाजार आणि कारखान्यांच्या सुट्टीचा वार टाळा. विकासकाच्या अहवालातली तारीखही तपासा. शाळा बंद असताना केलेली मोजणी मी स्वतः पाहिली आहे. गच्चीवरून मोबाइलने चित्रण करून ठेवा. आकड्यावर शंका घेतली जाते तेव्हा तेच कामाला येतं.

नव्या प्रकल्पाची भर अंदाजाने लिहू नका. जवळच्या, तशाच भरलेल्या सोसायटीच्या गेटवर सकाळी एक तास उभे राहा, आत-बाहेर होणाऱ्या गाड्या मोजा आणि राहत्या घरांच्या संख्येने भागा. तोच दर नव्या सदनिकांना लावा.

टँकर विसरू नका, कारण अहवाल ते विसरतात. १,५०० सदनिका, घरटी पाच माणसं, माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला दहा लाख लिटरवर पाणी लागतं. नळ नसेल तर दहा हजार लिटरचे शंभर टँकर, म्हणजे येऊन-जाऊन दोनशे फेऱ्या, आणि त्याही शाळेच्या रस्त्यावरून.

सुरक्षिततेचं कलम वेगळं लिहा. कोंडीत वेळ जातो, पण इथे जीव जातात. डिसेंबर २०२४ मध्ये केसनंद फाट्याजवळ पदपथावर झोपलेल्या मजुरांवर डंपर गेला, तिघे गेले, त्यांत दोन लहान मुलं होती. अवजड वाहन आणि पायी माणसं एका रस्त्यावर आली की काय होतं, ते आम्ही बघितलंय. त्यामुळे शाळा भरता-सुटताना किती मुलं रस्ता ओलांडतात, गेटमधून उजवीकडे वळणाऱ्याला येणारी गाडी किती अंतरावरून दिसते, पदपथ कुठे तुटतो, हे फोटोंसह द्या.

अर्जात 'प्रकल्प रद्द करा' एवढंच मागू नका. अटी मागा: गेट बाजूच्या विकास आराखड्यातल्या रस्त्यावर उघडावं, तो रस्ता पूर्ण झाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये, शाळेच्या वेळेत डंपर बंद. प्रती महापालिका किंवा पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), वाहतूक पोलीस, पर्यावरण मंजुरीचा प्रस्ताव तपासणारी राज्य तज्ज्ञ मूल्यांकन समिती आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या. आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मंजुरी निघालीच तर हरित न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवस असतात. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंतचा उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. वकील पहिल्याच आठवड्यात गाठा. आणि तुमची अट मान्य झाली असेल तर विकासकाचा सहामाही अनुपालन अहवाल, म्हणजे मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल, मिळवा. तो १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. रस्त्याबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचा, आणि त्याच दिवशी त्या रस्त्यावर जाऊन फोटो काढा.