विकिपीडियावर चित्र चढवताना: प्रताधिकार, परवाने आणि फेअर यूज

विकिपीडिया किंवा विकिमीडिया कॉमन्सवरून (विकिपीडियाच्या सर्व भाषांना लागणाऱ्या मुक्त चित्रांचा सामायिक साठा) चित्र वगळले गेले की बहुतेकांना वाटते, आपण श्रेय दिले होते, पैसेही कमावत नव्हतो, मग अडचण कुठे आली? श्रेय आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही अडचण. छायाचित्र टिपले किंवा चित्र रेखाटले की त्याच क्षणी प्रताधिकार (कॉपीराइट) सुरू होतो. १८८६ च्या बर्न कराराला बांधील असलेल्या देशांत त्यासाठी नोंदणी लागत नाही आणि © हे चिन्हही लागत नाही. म्हणून चित्राखाली काहीच लिहिलेले नसेल तर 'सर्व हक्क राखीव' असेच धरून चालायचे. 'स्रोत: इंटरनेट' असे लिहिलेली संचिका (फाइल) टिकत नाही, आणि टिकूही नये.

आधी मालक शोधा

फोटो साधारणपणे तो टिपणाऱ्याचा असतो. फोटोत दिसणारी व्यक्ती, कॅमेऱ्याचा मालक किंवा फोटो ज्याला व्हॉट्सअॅपवर आला तो, यांपैकी कोणीही आपोआप हक्कदार होत नाही. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचे नियम देशागणिक बदलतात. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर असा फोटो काढून घेणारा ग्राहक पहिला मालक ठरतो. अमेरिकेत तो सहसा छायाचित्रकाराकडेच राहतो. त्यामुळे जुन्या अल्बममधला स्टुडिओतला फोटो स्कॅन करून 'स्वतःचे काम' हा पर्याय निवडणे चूक आहे. स्कॅन करणे म्हणजे निर्मिती नव्हे.

यापेक्षा जास्त गोंधळ होतो तो 'फोटोतला फोटो' या प्रकारात. पुस्तकाचे मुखपृष्ठ, पोस्टर किंवा भित्तिचित्र तुम्ही स्वतःच्या मोबाइलने टिपले तरी आतल्या कलाकृतीचा हक्क तिच्या निर्मात्याकडेच असतो. अशा वेळी प्रत्येक थर वेगळा तपासावा लागतो.

सपाट चित्र असेल आणि त्याचा प्रताधिकार संपलेला असेल, तर त्याच्या हुबेहूब फोटोला नवा प्रताधिकार मिळत नाही. अमेरिकेतील १९९९ च्या ब्रिजमन विरुद्ध कोरेल या निकालाचे हेच सूत्र कॉमन्स पाळते. राजा रविवर्मा यांचे निधन १९०६ चे. त्यांच्या चित्राची संग्रहालयाने काढलेली हुबेहूब प्रतिमा या आधारावर चालते. मूर्तीचे मात्र तसे नाही. कोन, प्रकाश, पार्श्वभूमी या निवडी छायाचित्रकार करतो, म्हणून शेकडो वर्षे जुन्या मूर्तीच्या फोटोवरही त्याचा हक्क असतो.

उघड्यावरच्या नव्या पुतळ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. भारतात सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभारलेल्या शिल्पाचा फोटो काढायला कलम ५२ ने मोकळीक दिली आहे. अमेरिकेत ती मोकळीक इमारतींपुरती आहे, पुतळ्यांना नाही. फ्रान्समध्ये व्यावसायिक वापराला ती लागू होत नाही. फोटो कोणत्या देशात काढला हे संचिकेच्या वर्णनात लिहायचे ते याचसाठी.

चित्र कुठून आले ते माहीत नसेल तर टिनआय किंवा गूगल लेन्सवर उलटा शोध घ्या. सर्वांत जुनी तारीख आणि सर्वांत मोठा आकार असलेली प्रत बहुधा मुळाच्या जवळची असते. पिंटरेस्ट हा स्रोत नव्हे. तिथे फक्त दुसरीकडची चित्रे साठवलेली असतात. आणि फोटो खरोखर तुमचा असेल तर कॅमेऱ्यातली मूळ, पूर्ण आकाराची संचिका चढवा. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेल्या प्रतीतून एग्झिफ माहिती (कॅमेऱ्याने संचिकेत नोंदवलेली तारीख, कॅमेऱ्याचे नाव इत्यादी) निघून जाते आणि आकारही घटतो. अशी प्रत पाहिली की तपासणाऱ्याला शंका येते, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

कोणता परवाना चालतो

कॉमन्सवर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (सीसी) तयार परवान्यांचे तीनच प्रकार चालतात: सीसी बाय (श्रेय द्या), सीसी बाय-एसए (श्रेय द्या आणि बदललेली प्रतही त्याच परवान्याने द्या) आणि सीसी झिरो (सर्व हक्क सोडलेले). परवान्याच्या नावात एनसी म्हणजे अव्यावसायिक, किंवा एनडी म्हणजे बदलाला मनाई, ही अक्षरे दिसली की तिथेच थांबा. इथला मजकूर कोणीही छापू शकतो, विकू शकतो, कापूनछाटून वापरू शकतो. हे दोन्ही परवाने नेमके तेच रोखतात.

फ्लिकर या फोटो-संकेतस्थळावरच्या चित्राचा परवाना त्याच चित्राच्या पानावर पाहा. एकाच खात्यावर वेगवेगळे परवाने असू शकतात. मुक्त परवाना एकदा दिला की तो मागे घेता येत नाही, पण नंतर मालकाने पानावरचा उल्लेख बदलला तर तो आधी दिला होता हे सिद्ध करावे लागते. म्हणून चढवल्याबरोबर परवाना-तपासणीचा साचा (संचिकेच्या पानावर लावायची तयार सूचनापट्टी) लावा. दुसऱ्याचे चित्र स्वतःच्या खात्यावर मुक्त म्हणून टाकणारेही फ्लिकरवर असतात. एकाच खात्यावर दहा तऱ्हांच्या कॅमेऱ्यांचे आणि वृत्तसंस्थांच्या धाटणीचे फोटो दिसले तर ते सोडून द्या.

मालकाकडून परवानगी मागताना 'आमचा फोटो विकिपीडियावर वापरायला हरकत नाही' एवढे उत्तर पुरत नाही. परवान्याचे नाव स्पष्ट हवे, उदाहरणार्थ सीसी बाय-एसए ४.०. चित्र कोणते ते कळायला हवे. आणि पत्र हक्कदाराने स्वतःच्या ओळखता येईल अशा ईमेलवरून विकिमीडियाच्या व्हीआरटी या स्वयंसेवक गटाला पाठवायला हवे. तुम्ही पुढे ढकललेला स्क्रीनशॉट पुरावा ठरत नाही. पत्र गेल्यावर संचिकेला 'परवानगी प्रलंबित' असा साचा लावला की ३० दिवसांची मुदत मिळते. हा परवाना घेणारा कोणीही उद्या हा फोटो विकू शकेल, हे मालकाला आधीच नीट सांगा. न सांगता घेतलेली संमती नंतर भांडणाला कारण होते, आणि मालकाला अंधारात ठेवणे मुळातच गैर आहे.

जुन्या चित्रांच्या बाबतीत अनुभवी संपादकही एका हिशेबात अडकतात. कॉमन्सला चित्र मूळ देशात आणि अमेरिकेत, दोन्हीकडे मुक्त लागते. समजा, १९४० साली भारतात प्रकाशित झालेल्या पुस्तकातली चित्रे आहेत आणि चित्रकाराचे निधन १९५० चे आहे. भारतात निधनानंतर ६० वर्षे मोजतात, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून ती मुक्त. पण १ जानेवारी १९९६ रोजी ती भारतात प्रताधिकारात होती, त्यामुळे अमेरिकेने त्यांना आपल्याकडचे संरक्षण बहाल केले. ते प्रकाशनापासून ९५ वर्षे, म्हणजे २०३५ च्या अखेरपर्यंत चालते. भारतात मुक्त झालेली ही चित्रे कॉमन्सवर अजून बसत नाहीत.

फेअर यूज: शेवटची वाट

फेअर यूज म्हणजे प्रताधिकारित कृती विनापरवानगी, मर्यादित प्रमाणात वापरण्याची सवलत. त्यासाठी अमेरिकी प्रताधिकार कायद्याचे कलम १०७ चार गोष्टी तोलायला सांगते: वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेला भाग किती, आणि मूळ कृतीच्या बाजारावर होणारा परिणाम. याचा निर्णय एका वापरापुरता असतो. तेच चित्र एका लेखात योग्य आणि दुसऱ्यात अयोग्य ठरू शकते. भारतातील कलम ५२ ची 'फेअर डीलिंग' ही सवलत याहून अरुंद आहे: खाजगी वापर व संशोधन, टीका-समीक्षा आणि चालू घडामोडींचे वार्तांकन.

कॉमन्सवर फेअर यूज अजिबात चालत नाही. विकिमीडिया फाउंडेशनच्या २३ मार्च २००७ च्या ठरावानुसार प्रत्येक भाषेचा प्रकल्प स्वतःचे अपवाद धोरण ठरवू शकतो. धोरण नसेल तर फेअर यूजही नाही. तेव्हा आपल्या प्रकल्पाचे पान आधी वाचा. इंग्रजी विकिपीडियाच्या दहा निकषांपैकी हे मुद्दे सर्वांत जास्त नडतात.

पहिला, पर्याय. मुक्त चित्र आज नसेल, पण कोणी काढू शकत असेल, तरी फेअर यूज बाद. हयात व्यक्तीचा वृत्तसंस्थेचा फोटो म्हणूनच चालत नाही. ती व्यक्ती कार्यक्रमात दिसते, कोणीही तिचा फोटो काढू शकतो. उभ्या असलेल्या इमारतीचेही बहुधा तेच.

दुसरा, गरज. चित्रामुळे वाचकाला मजकूर जास्त कळला पाहिजे. चित्रपटाच्या लेखात त्याचे पोस्टर ओळखीसाठी चालते. तेच पोस्टर अभिनेत्रीच्या लेखात 'ती अशी दिसायची' म्हणून टाकले तर उडते.

तिसरा, आकार. मार्गदर्शक मर्यादा सुमारे १,००,००० पिक्सेल. १६०० × २४०० चे पोस्टर असेल तर प्रमाण राखून ते २५८ × ३८७ करा. गुणाकार ९९,८४६ येतो. लेखाच्या कोपऱ्यातल्या चौकटीला एवढे पुरते आणि त्यावरून कोणी पोस्टर छापून विकू शकत नाही.

चौथा, समर्थन. प्रत्येक लेखासाठी वेगळे लिहावे लागते. 'शैक्षणिक वापर' एवढे दोन शब्द म्हणजे समर्थन नव्हे. पोस्टरसाठी ते असे असावे: 'लेख: अमुक चित्रपट. हक्कदार: निर्मितीसंस्था. स्रोत: संस्थेचे अधिकृत पान. हेतू: लेखाच्या सुरुवातीच्या चौकटीत चित्रपटाची दृश्य ओळख. पर्याय: पोस्टर स्वतःच प्रताधिकारित असल्याने मुक्त पर्याय संभवत नाही. प्रमाण: २५८ × ३८७, छपाईसाठी अपुरे. बाजार: तिकीट किंवा पोस्टरविक्रीवर परिणाम नाही.'

अशी संचिका फक्त लेखात वापरायची. सदस्यपानावर, धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) किंवा साच्यात नाही. मसुदा तयार होत असेल तर आधी लेख प्रकाशित करा आणि मग चित्र चढवा, कारण कोणत्याही लेखात नसलेली अमुक्त संचिका सात दिवसांत वगळली जाते. नुसत्या अक्षरांच्या किंवा साध्या वर्तुळ-चौकोनाच्या लोगोला मात्र हा खटाटोप बहुधा लागत नाही. अमेरिकेत तो प्रताधिकाराला पात्रच ठरत नाही. ट्रेडमार्क ही निराळी बाब.

सूचना आली तर

कॉमन्सवर स्रोत, परवाना किंवा परवानगी नसल्याचा साचा लागला की सात दिवस मिळतात. साचा काढून टाकू नका; त्याने नुसते भांडण वाढते. कमी असलेली माहिती भरा आणि चर्चेत एका ओळीत काय भरले ते लिहा. उत्तर देता येत नसेल तर चित्र स्वतःहून वगळायला सांगा. वगळलेली संचिका नव्या नावाने पुन्हा चढवली तर खात्यावर बंदी येऊ शकते.

कॉमन्सवर वगळलेली संचिका सर्व्हरवरून पुसली जात नाही. ती फक्त प्रशासकांना दिसते. म्हणून प्रताधिकार संपण्याचे वर्ष माहीत असेल तर वगळण्याच्या चर्चेतच ते नमूद करा. १९४० च्या त्या पुस्तकातले चित्र असेल तर ती चर्चा 'अनडिलीट इन २०३६' या वर्गात नोंदवता येते, आणि त्या वर्षी चित्र परत आणता येते.