टोकनचा पत्ता आणि त्याचा ऑडिट अहवाल कसा पडताळावा

इथरियमसारख्या ब्लॉकचेन जाळ्यावर (अनेक संगणकांनी मिळून सांभाळलेल्या सार्वजनिक नोंदवहीवर) कोणीही, कोणाची परवानगी न घेता, काही मिनिटांत डॉलरशी किंमत बांधलेल्या प्रसिद्ध टोकनसारखेच 'टेथर' नावाचे आणि 'यूएसडीटी' हेच चिन्ह लावलेले टोकन तयार करू शकतो. नाव किंवा चिन्ह दुसऱ्या कोणाचे नसावे, असा नियम त्या प्रणालीत मुळातच नाही. एकमेव असतो तो कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे जाळ्यावर टोकन चालवणाऱ्या प्रोग्रामचा, पत्ता. त्यामुळे टोकन घेण्यापूर्वी दोन गोष्टींची खात्री करावी लागते: हा पत्ता खरोखर त्याच प्रकल्पाचा आहे का, आणि ज्या ऑडिटचा (कोडमधील उणिवांच्या तपासणीचा) दाखला दिला जातो ते याच पत्त्यावरील कोडचे आहे का. पहिली खात्री पुष्कळ जण करतात. दुसरी फारच थोडे करतात, आणि या लेखाचा मोठा भाग त्या दुसऱ्या खात्रीविषयी आहे.

पत्ता कोठून घ्यावा, हा पहिला मुद्दा. गप्पांच्या गटात कोणी पाठवलेला, एखाद्या पोस्टखालच्या उत्तरात आलेला किंवा शोधयंत्रातील जाहिरातीवरून उघडलेल्या संकेतस्थळावरचा पत्ता वापरू नये. प्रकल्पाच्या अधिकृत दस्तऐवजांतील पत्ता आणि कॉइनगेको किंवा कॉइनमार्केटकॅप या किमती दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर त्या टोकनच्या पानावर दिलेला पत्ता, असे परस्परांपासून स्वतंत्र असलेले दोन स्रोत जुळवून पाहावेत. येथे स्वतंत्र या शब्दाला महत्त्व आहे, कारण बनावट संकेतस्थळ आणि त्याच संकेतस्थळाने दुवा दिलेले बनावट समाजमाध्यम खाते यांच्यात पत्ता जुळणारच. शिवाय एकच टोकन अनेक जाळ्यांवर उपलब्ध असते आणि त्याचे पत्ते सहसा वेगवेगळे असतात. इथरियमवरील यूएसडीसी या डॉलरशी बांधलेल्या टोकनचा पत्ता सोलाना या दुसऱ्या जाळ्यावर शोधण्यात अर्थ नाही. काही जाळ्यांवर तर कंपनीने स्वतः काढलेले यूएसडीसी आणि पुलावरून (एका जाळ्यावरचे टोकन दुसऱ्यावर नेणाऱ्या सेवेतून) आणलेले यूएसडीसी अशी दोन टोकने शेजारी-शेजारी नांदतात व त्यांचे पत्ते निराळे असतात.

पत्ता जुळवताना तो पूर्ण वाचावा. इथरियमचा पत्ता शून्य आणि एक्स या आरंभीच्या दोन खुणांसह ४२ अक्षरांचा असतो, पण वॉलेट (टोकन सांभाळण्याचे व पाठवण्याचे अ‍ॅप) अनेकदा त्याची पहिली व शेवटची काही अक्षरेच दाखवते आणि डोळ्यांना तेवढ्यावर समाधान मानण्याची सवय लागते. सुरुवातीची चार आणि शेवटची चार अक्षरे हव्या त्या पत्त्यासारखी असलेला दुसरा पत्ता शोधण्यासाठी सरासरी सुमारे ४२९ कोटी प्रयत्न लागतात. हा आकडा मोठा वाटला तरी संगणकाला तो अवघड नाही. फसवणूक करणारे असा पत्ता तयार करतात आणि त्यावरून एखादा क्षुल्लक व्यवहार पाठवून तो तुमच्या इतिहासात पेरून ठेवतात. मे २०२४ मध्ये एका व्यक्तीने अशा पेरलेल्या पत्त्यावर १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (बिटकॉइनचे इथरियमवरील टोकन-रूप) पाठवले. त्यांची किंमत तेव्हा ६ कोटी डॉलरहून अधिक होती, आणि त्यातील बहुतेक रक्कम पुढे परत मिळाली हा अपवाद समजावा. म्हणून पत्ता इतिहासातून कधीही उचलू नये. पत्त्यातील लहान-मोठ्या लिपीतली अक्षरे टंकलेखनाची चूक पकडण्यासाठी असतात. ती बरोबर असली म्हणजे पत्ता खरा, असे नाही, कारण ठगाच्या पत्त्यातही ती बरोबरच असतात. चिकटवल्यानंतर पत्ता पुन्हा पाहावा, कारण कॉपी केलेला पत्ता मधल्यामध्ये बदलणारी घातक सॉफ्टवेअर अस्तित्वात आहेत.

पत्ता नक्की झाला की तो इथरस्कॅनसारख्या ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे जाळ्यावरील नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, उघडावा. तेथे 'कॉन्ट्रॅक्ट' या टॅबवर हिरवी खूण दिसते. तिचा अर्थ एवढाच की प्रकाशित केलेला सोर्स कोड आणि जाळ्यावर प्रत्यक्ष चालणारा बाइटकोड एकमेकांशी जुळतात. तो कोड प्रामाणिक आहे, असे ती सांगत नाही. खूणच नसेल तर मात्र पुढे तपासण्यासारखे काही उरत नाही, आणि अशा टोकनपासून दूर राहणे योग्य.

कोड वाचता येत नसला तरी काही शब्द शोधता येतात: नवी नाणी पाडण्याचे 'मिंट', व्यवहार थांबवण्याचे 'पॉज', एखाद्या खात्याला बंदी घालण्याचे 'ब्लॅकलिस्ट', शुल्क बदलण्याचे फंक्शन आणि या सर्वांवर ताबा असलेला 'ओनर'. यांतील एखादा अधिकार आढळला की ताबडतोब फसवणूक ठरवू नये. खुद्द यूएसडीटीच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नवी नाणी काढण्याचा आणि खाते गोठवण्याचा अधिकार आहे. पाहायचे ते हे की असा अधिकार कोणाच्या हाती आहे आणि त्या टोकनला तो लागण्याचे कारण काय. सोलानावर हेच प्रश्न 'मिंट ऑथॉरिटी' आणि 'फ्रीझ ऑथॉरिटी' या दोन नोंदींबाबत विचारावेत. विक्रीची वाट बंद आहे का, हे तपासणारी साधनेही आहेत. ती खरेदी-विक्रीची नक्कल करून पाहतात, परंतु आज खुली असलेली वाट ओनर उद्या बंद करू शकतो, हे ती सांगू शकत नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'स्क्विड' टोकनची किंमत २,८०० डॉलरच्या वर गेली आणि काही मिनिटांत शून्याजवळ आली. घेणाऱ्यांना ते आधीपासूनच विकता येत नव्हते, आणि ते किंमत दाखवणाऱ्या संकेतस्थळावर नोंदलेलेही होते. म्हणजे कॉइनमार्केटकॅपवरील नोंद पत्ता जुळवण्यासाठी उपयोगी पडते, चारित्र्याचा दाखला म्हणून नव्हे.

आता ऑडिटकडे वळू. प्रकल्पाच्या संकेतस्थळावरील ऑडिट कंपनीचे बोधचिन्ह म्हणजे एक चित्र असते. ते कोणीही लावू शकतो आणि पीडीएफही बनवता येते. अहवाल नेहमी ऑडिट करणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा तिच्या गिटहब (कोड ठेवण्याचे संकेतस्थळ) खात्यावर जाऊन उघडावा. तेथे तो सापडला नाही, तर तो नाही असेच धरावे.

माझी सवय अशी की अहवालाचा सारांश मी शेवटी वाचतो आणि व्याप्तीचे पान आधी उघडतो. त्या पानावर कोणत्या फाइली तपासल्या, कोडची कोणती आवृत्ती तपासली, कोणत्या तारखांना तपासली आणि क्वचित कोणता पत्ता तपासला, हे लिहिलेले असते. आवृत्ती बहुधा गिटमधील कमिटच्या (कोडच्या जतन केलेल्या एका टप्प्याच्या) लांबलचक क्रमांकाने सांगितलेली असते. त्या कमिटमधील फाइली आणि एक्सप्लोररवर त्या पत्त्याखाली दिसणाऱ्या फाइली शेजारी ठेवून जुळवाव्यात. मजकुरातील फरक दाखवणारे कोणतेही साधन हे काम करते, त्यासाठी प्रोग्रामर असण्याची गरज नाही. फाइल जुळली नाही, किंवा टोकनचे कॉन्ट्रॅक्ट तपासले पण पैसे प्रत्यक्ष ज्या तिजोरीत जमा होतात ते कॉन्ट्रॅक्ट व्याप्तीबाहेर ठेवले असेल, तर तुमच्या पैशांपुरते ऑडिट झालेलेच नाही.

ही तुलना एकदा करून भागत नाही, कारण बरीच कॉन्ट्रॅक्ट प्रॉक्सी असतात. पत्ता तोच राहतो आणि त्यामागचा खरा कोड बदलता येतो. एक्सप्लोररवर 'रीड अ‍ॅज प्रॉक्सी' हा टॅब दिसला, तर तेथे दिलेला अंमलबजावणीचा पत्ता उघडून त्यावरील कोड तपासावा. त्याबरोबरच प्रॉक्सीच्या इव्हेंट नोंदींमध्ये 'अपग्रेडेड' हा शब्द शोधावा. शेवटच्या अपग्रेडची तारीख ऑडिटच्या तारखेनंतरची असेल, तर मधल्या काळात नेमके काय बदलले, याचे उत्तर प्रकल्पाकडून लेखी मिळाले पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये 'कंपाउंडर फायनान्स'च्या निर्मात्यांनी ऑडिटनंतर आपल्या प्रणालीत घातक कॉन्ट्रॅक्ट जोडून १ कोटी डॉलरहून अधिक रक्कम पळवली. मार्च २०२३ मध्ये 'यूलर फायनान्स'मधून सुमारे १९.७ कोटी डॉलर गेले, तेथे निर्मात्यांपैकी कोणाचा कट नव्हता. अनेकदा ऑडिट झालेल्या प्रणालीत नंतर जोडलेल्या एका फंक्शनमध्ये उणीव राहिली होती.

निष्कर्षांच्या यादीत तीव्रतेपेक्षा प्रत्येक निष्कर्षासमोरची स्थिती लक्षपूर्वक पाहावी. 'रिझॉल्व्ड' म्हणजे दुरुस्ती झाली. 'अ‍ॅकनॉलेज्ड' म्हणजे प्रकल्पाने उणीव मान्य केली आणि ती तशीच राहू दिली. एकाच व्यक्तीकडे सर्व अधिकार एकवटल्याचा इशारा अनेक अहवालांत याच स्थितीत पडून असतो. अशा वेळी ओनरचा पत्ता एक्सप्लोररवर उघडून पाहावा. ते साधे खाते असेल तर एक गुप्त किल्ली हाती लागणे पुरेसे आहे. अनेकांच्या सह्या लागणारे मल्टिसिग किंवा बदल ठराविक काळ रोखून धरणारा टाइमलॉक असेल, तर निदान बाहेर पडायला वेळ मिळतो.

काही गोष्टी कोणत्याच कोड-ऑडिटच्या कक्षेत येत नाहीत. मार्च २०२२ मध्ये 'रोनिन' पुलावरून ६० कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली, ती ९ पैकी ५ प्रमाणकांच्या (व्यवहारांना मंजुरी देणाऱ्यांच्या) किल्ल्या चोरांच्या हाती लागल्यामुळे. डिसेंबर २०२१ मध्ये 'बॅजरडाओ' या प्रकल्पाची कॉन्ट्रॅक्ट शाबूत होती, पण संकेतस्थळात घुसवलेल्या स्क्रिप्टने वापरकर्त्यांकडून भलत्याच पत्त्यासाठी त्यांची टोकने खर्च करण्याची परवानगी घेतली आणि सुमारे १२ कोटी डॉलर नेले. म्हणून सही करण्याच्या क्षणी वॉलेट जो पत्ता दाखवते, तो आधी पडताळलेल्या पत्त्यांपैकीच आहे का, हे पाहावे. परवानगीची रक्कम अमर्याद न ठेवता व्यवहारापुरती भरावी, आणि काम झाल्यावर ती परवानगी एक्सप्लोररच्या किंवा रिव्होक.कॅशच्या पानावरून रद्द करावी. वॉलेट संकेतस्थळापासून तोडून बाजूला केले तरी जाळ्यावर दिलेली परवानगी रद्द होत नाही, ती कॉन्ट्रॅक्टमध्ये तशीच नोंदलेली असते.