उझबेक शिकताय? आधी आपलं 'घेणे' आठवा

समरकंदला एमबीबीएसला येणाऱ्या ज्युनिअर्ससाठी लिहितेय. लेक्चर इंग्लिशमधे असलं तरी वॉर्डातला पेशंट उझबेक नाहीतर ताजिक बोलतो, त्यामुळे भाषा शिकावीच लागते. पहिले दोन महिने मी सगळं इंग्लिशवरून घोकत बसले आणि डोक्याचा पार भुगा झाला, मग एकदा सियॉब बाजारात नॉन (तिथली जाडजूड रोटी) घेताना ट्यूब पेटली. विकणे म्हणजे 'सॉतमॉक' आणि विकत घेणे म्हणजे 'सॉतिब ऑलमॉक', अहो हे तर आपलंच!

तर ऑलमॉक म्हणजे घेणे. जेवायला बसलात की यजमान 'ऑलिंग, ऑलिंग' करत राहतात, म्हणजे घ्या हो घ्या. दम ऑलमॉक म्हणजे विश्रांती घेणे, आपण नाही का म्हणत जरा दम घे. आणि वॉर्डात रोज लागणारं, 'चुक़ूर नफस ऑलिंग', खोल श्वास घ्या. स्टेथो लावायच्या आधी हे पाठ पाहिजे.

दुसऱ्या क्रियापदाला जोडतानाही सेम. '-इब' म्हणजे आपला '-ऊन'. यॉझिब ऑलदिम, लिहून घेतलं. यॉझिब बेरदिम, लिहून दिलं. येब कोरिंग, खाऊन बघा. ओक़िब चिक़दिम, वाचून काढलं. इंग्लिशवाल्यांना हे समजवायला पानंच्या पानं लागतात, आपल्याला पाच मिनिटं. शिवाय लिंगाची भानगड नाही, मुलगा मुलगी दोघंही ऑलदिमच.

पण एका ठिकाणी मराठी दगा देते. '-इब' ऐवजी '-आ' आला की ऑलमॉक 'शकणे' होतो. यॉझा ऑलामन, मी लिहू शकते (बोलताना घाईत यॉझॉलामन). मॅडमनी विचारलं 'ओझबेकचा यॉझा ऑलासिझमी?', उझबेक लिहिता येतं का, मी झोकात 'हा, यॉझिब ऑलामन', म्हणजे हो, लिहून घेते! त्यांनी शांतपणे पेन पुढे केलं आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या, त्या माझ्या वहीची वाट बघतायत आणि मी पुढच्या प्रश्नाची.

आणि हो, सफरचंदाला 'ऑलमा' म्हणतात आणि 'घेऊ नको' पण ऑलमाच, फक्त सफरचंदात जोर शेवटी आणि नकारात 'ऑल'वर. फळवाल्यासमोर जोर सांभाळा.