गाय सापडेल का? प्रश्नकुंडली मांडायला शिकताना

वसुबारसेच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला आमच्या आळीतले एक काका ओट्यावर आले. बसलेही नाहीत. "मास्तर, माही कपिला परवापासून घरी नाही आली. उद्या पूजा, अन् कोठा रिकामा. सापडन का नाही, पाहून सांगा ना जी." मी घड्याळ पाहिलं. सहा वाजून पंचवीस मिनिटं. आधी वहीत वेळ लिहिली, मग त्यांना पाणी विचारलं.

प्रश्नकुंडली शिकायची तर पहिली सवय हीच लावून घ्या. प्रश्न कानावर पडला आणि तुम्हाला तो कळला, की तो क्षण टिपायचा. त्या क्षणाची, त्या जागेची कुंडली म्हणजे प्रश्नाची जन्मपत्रिका. विचारणाऱ्याची जन्मवेळ लागत नाही, आणि खेड्यात ही मोठीच सोय आहे. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला जन्म विचारा, "तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, ढोरं घरी येत होती तवा" एवढं सांगेल. त्यावरून लग्न, म्हणजे त्या क्षणी पूर्वेला उगवणारी रास, काय काढणार?

आधी प्रश्न नीट करा

निम्मं काम इथं होतं, आणि नवशिके नेमकं हेच गाळतात. "औंदा शेतीचं कसं राहीन?" याला कुंडली उत्तर देत नाही, कारण हा प्रश्नच नाही, ही काळजी आहे. साऱ्या मुलखाचं पीकपाणी ऐकायचं असेल तर अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत सांगतात, तिकडे कान द्यावा. प्रश्नकुंडली एका माणसाच्या एका गोष्टीसाठी असते.

म्हणून समोरच्याला बोलतं करा. शेतीचं म्हणजे काय? कापसाचं. कापसाचं काय? विकू का थांबू. कधीपर्यंत थांबायची ताकद आहे? शिमग्यापर्यंत. मग प्रश्न असा उतरतो: "घरात असलेला कापूस मार्चअखेरपर्यंत ठेवला, तर आज व्यापारी देतो त्यापेक्षा जास्त भाव मिळेल का?" आता त्याला हो किंवा नाही म्हणता येतं, मुदत आहे, आणि आजचा भाव वहीत लिहून ठेवला की एप्रिलमध्ये कुणाचं चुकलं हेही दिसतं. वेळ धरायची ती या शेवटच्या वाक्याची, पहिल्या उसाशाची नव्हे.

एका बैठकीत एकच प्रश्न घ्या. उत्तर आवडलं नाही म्हणून तोच प्रश्न पुन्हा घेऊन येणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. आणि प्रश्न ज्याचा त्यानं विचारावा. "माझ्या भाच्याच्या बायकोच्या भावाला नोकरी लागेल का" असे प्रश्न मी घेत नाही. प्रत्येक नात्याचं कुंडलीतलं घर धरता धरता आपणच हरवतो.

वेळ आणि जागा

हल्ली हातानं गणित करायची गरज नाही, मोबाइलमधलं कुठलंही बरं अॅप कुंडली काढून देतं. पण त्यात गाव तपासा. पुष्कळ अॅपांत मुंबई किंवा दिल्ली आधीच भरलेली असते. यवतमाळ साधारण ७८ अंश ८ कला पूर्व रेखांशावर आहे, मुंबई ७२ अंश ५० कलांवर. हा फरक २१ मिनिटांचा. लग्न सरासरी चार मिनिटांत एक अंश सरकतं, म्हणजे गाव चुकलं की पाचेक अंशांची चूक झालीच. विदर्भातल्या विदर्भातसुद्धा अकोला आणि नागपूर यांच्यात आठेक मिनिटं आहेत. आपल्याकडच्या पद्धतीनं पाहायचं तर अयनांश, म्हणजे पाश्चात्त्य आणि आपलं राशिचक्र यांतला फरक, चित्रापक्षाचा ठेवा, सध्या तो २४ अंशांच्या थोडा वर आहे. फोनवर प्रश्न आला तर मी माझ्या गावाची कुंडली मांडतो, कारण प्रश्न मला इथं कळला. काहीजण विचारणाऱ्याचं गाव धरतात. कुठलंही धरा, पण दरवेळी तेच धरा.

लग्न राशीच्या पहिल्या तीन अंशांत किंवा शेवटच्या तीन अंशांत आलं तर थांबा. पाश्चात्त्य प्रश्नज्योतिषातला हा जुना संकेत आहे: सुरुवातीला असेल तर गोष्ट अजून पिकलेली नाही, शेवटाला असेल तर ठरून गेलेली आहे. मला तो पटतो, कारण घाईनं निकाल द्यायला तो आडकाठी करतो.

कोणाचं घर कुठलं

लग्न म्हणजे विचारणारा, त्याचा स्वामी लग्नेश. ज्या गोष्टीबद्दल विचारलं तिच्या घराचा स्वामी कार्येश. चंद्र दोन्हीकडचा साक्षीदार. बाकी बारा घरांची यादी कुठल्याही पुस्तकात मिळेल, गावात फिरून फिरून लागतात ती थोडीच. वावर, विहीर, घर, ढोरं चौथ्यावरून. पैसा दुसऱ्यावरून, हातात येणारा लाभ अकराव्यावरून. कर्ज, दुखणं आणि सालदार सहाव्यावरून. सोयरीक सातव्यावरून, आणि समोरचा पक्षही सातव्यावरूनच. धुऱ्याचा वाद कोर्टात असेल तर लग्न आपण, सातवं तो, दहावं न्यायाधीश आणि चौथं शेवट. चौथं घर जमिनीचंही असल्यानं या प्रश्नात ते दोनदा बोलतं, तिथं जपून.

इंग्रजी पुस्तकं वाचलीत तर गोंधळ होईल. विल्यम लिली या इंग्रज ज्योतिषाचा प्रश्नशास्त्रावरचा प्रसिद्ध ग्रंथ १६४७ चा. त्या परंपरेत शेळीमेंढी सहाव्या घरावरून आणि गाय-घोडा बाराव्या घरावरून पाहतात. आपल्याकडे चतुष्पाद चौथ्यात. पद्धतींची खिचडी केली की प्रत्येक कुंडलीत हवं ते उत्तर सापडतं, आणि हा या विद्येतला सगळ्यात मोठा धोका आहे. तीच गोष्ट कृष्णमूर्ती पद्धतीची. तिच्यात विचारणाऱ्याला १ ते २४९ मधला एक आकडा सांगायला लावतात. २७ नक्षत्रांचे प्रत्येकी नऊ भाग केले की २४३ होतात, त्यातले सहा भाग दोन राशींत विभागले जातात म्हणून २४९. पद्धत नेटकी आहे, पण ती शिकायची तर तीच शिका.

जुळणार की नाही

आता मुख्य गोष्ट. मी ताजिक योगांवर पाहतो. ही विद्या अरबी-फारसी ज्योतिषातून आपल्याकडे आली. इत्थशाल, ईसराफ, कंबूल ही नावं मूळ अरबी, संस्कृतात येऊन अशी घडली. नीलकंठ दैवज्ञानं १५८७ मध्ये काशीत तिच्यावर 'ताजिकनीलकंठी' लिहिली. त्याचं घराणं मूळचं विदर्भातलं मानतात, हे आमच्याकडे अभिमानानं सांगायला हरकत नाही.

इत्थशाल समजायला एसटीचा रस्ता डोळ्यांपुढे आणा. एक गाडी हळू चाललीय, मागून दुसरी जोरात येतेय. मागची पुढचीला गाठणार, म्हणजे काम होणार. हा इत्थशाल. जोरातली गाडी आधीच पुढे निघून गेली असेल तर तो ईसराफ: भेट होऊन गेली, वेळ टळली. ग्रहांत चंद्र सगळ्यांत वेगवान, मग बुध, शुक्र, रवी, मंगळ, गुरू, आणि शेवटी शनी. वेगवान ग्रहाचे अंश कमी आणि मंद ग्रहाचे जास्त असतील, तर मागची गाडी अजून मागं आहे.

दोघांची एकमेकांवर दृष्टी मात्र हवी. परस्परांपासून तिसऱ्या-अकराव्या किंवा पाचव्या-नवव्या राशीत असतील तर मैत्रीनं काम होतं. चौथ्या-दहाव्यात किंवा समोरासमोर असतील तर भांडून, खेटे घालून होतं. दुसऱ्या-बाराव्यात वा सहाव्या-आठव्यात असतील तर एकमेकांना दिसतच नाहीत. अंतर किती चालतं? प्रत्येक ग्रहाचे दीप्तांश ठरलेले आहेत: रवी १५, चंद्र १२, मंगळ ८, बुध ७, गुरू ९, शुक्र ७, शनी ९. दोघांची बेरीज करून निम्मी करा, तेवढ्या अंशांच्या आत असले पाहिजेत.

दोघांना एकमेक दिसत नसतील तरी लगेच नाही म्हणू नका. एखादा तिसरा, वेगवान ग्रह एकाचं तेज उचलून दुसऱ्याला नेऊन देतो. त्याला नक्त म्हणतात. सोयरीक जुळवणारा मधला माणूस तो हाच. बँकेतलं अडलेलं काम ओळखीच्या शिपायानं झालं, तर कुंडलीत नक्त शोधा.

ग्रह स्वराशीत आहे की नीच, अस्तंगत (सूर्याजवळ झाकलेला) आहे की वक्री (उलटा चालताना दिसणारा), हे नंतर पाहायचं. वक्री लग्नेशाबद्दल एवढंच सांगतो: माणूस पुष्कळदा आपलाच निर्णय फिरवायच्या बेतात असतो. त्याला विचारून पाहा, हसतो.

कपिलेची कुंडली

काकांच्या प्रश्नाला मेष लग्न होतं, अंश अकरा. लग्नेश मंगळ नवव्यात, धनूत १२ अंशांवर. चौथं घर कर्क, म्हणून कपिला म्हणजे चंद्र. तो पाचव्यात, सिंहेत ८ अंशांवर. दोघं पाचवे-नववे, मैत्रीची दृष्टी. चंद्र मागं, मंगळ पुढं, अंतर चार अंश. चंद्राचे १२ आणि मंगळाचे ८ मिळून २०, निम्मे १०, म्हणजे चार अंश आरामात आत. मध्ये कुणी आडवा नाही. पुस्तकातल्यासारखा इत्थशाल.

"सापडते," मी म्हणालो. किती दिवसांत, तर अंतराचे चार अंश म्हणून चार दिवसांत. चर, द्विस्वभाव, स्थिर राशींवरून दिवस, आठवडे, महिने ठरवायचे नियम आहेत, पण हरवलेलं जनावर महिन्यांनी सापडत नसतं, म्हणून मी दिवस धरले. दिशा चंद्राच्या राशीवरून. मेष, सिंह, धनू पूर्व. वृषभ, कन्या, मकर दक्षिण. मिथुन, तूळ, कुंभ पश्चिम. कर्क, वृश्चिक, मीन उत्तर. चंद्र सिंहेत, म्हणून पूर्व. काकांचा पोरगा रात्रीच टॉर्च घेऊन नाल्याच्या पूर्वेकडच्या पऱ्हाटीतून हिंडून आला. अंगभर काटे, गाय नाही.

कपिला दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. पश्चिमेकडच्या गावच्या कोंडवाड्यात. कोणाच्या तुरीत शिरली होती, त्यानं नेऊन टाकली. काकांनी दंड भरला, गाय सोडवली आणि संध्याकाळी पूजा झाली. जाताना माझ्या ओट्यासमोर थांबले. "पूर्व कुठी अन् पश्चिम कुठी, मास्तर," म्हणाले, आणि तरी पुरणाची वाटी पाठवली.

त्या दिवसापासून हरवलेल्या ढोराच्या प्रश्नाला माझा पहिला सवाल असतो: आजूबाजूच्या गावचे कोंडवाडे पाहिले का? मग कुंडली.

वही ठेवा

उत्तर तोंडानं सांगायच्या आधी लिहा. तारीख, वेळ, गाव, प्रश्न शब्दशः, तुमचं उत्तर, कारण म्हणून एक योग, मुदत, आणि शेवटचा रकाना कोरा. मुदत संपली की तो भरा. कपिलेसमोर मी लिहिलं: होय बरोबर, मुदत बरोबर, दिशा चूक. खाली आणखी एक ओळ लिहावी लागली: हरवलेली गाय बहुतेक सापडतेच. कुंडली न मांडता "सापडते" म्हणालो असतो तरी बरोबर ठरलो असतो. लक्षात राहतात ती आपली खरी ठरलेली उत्तरं, चुकलेली काट्यांसारखी पोराच्या अंगावरून निघून जातात. म्हणून पन्नास प्रश्न होईपर्यंत कोणाकडून पैसा घेऊ नका, आणि पन्नासांनंतर रकाना मोजा.

२००८ मध्ये जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी ज्योतिषांची चाचणी घेतली होती, ती माहीत असू द्या. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका होत्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायचं होतं. २७ जणांनी उत्तरं पाठवली, बरोबर आली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं तर ५०. ती जन्मकुंडलीची परीक्षा होती, प्रश्नकुंडलीची नव्हे, असं म्हणून सुटता येतं. मी सुटत नाही. माझी वही ही माझी परीक्षा, आणि तिच्यातला आकडा मी मिरवावा असा नाही. तरी मांडतो, कारण प्रश्न नेमका करता करता माणसाला अर्धं उत्तर स्वतःच सुचताना मी पाहिलंय.

काही प्रश्न घ्यायचेच नाहीत. चोर कोण? कुंडलीवरून चोराचं वर्णन सांगायचे श्लोक आहेत, पण गावात "सावळा, मध्यम उंचीचा, ओळखीतला" म्हटलं की संध्याकाळपर्यंत एका माणसाचं नाव ठरतं आणि दोन घरांचं बोलणं तुटतं. मोटारपंप गेला तर पोलीस पाटलाकडे पाठवा. दुखणं बरं होईल का, गर्भ सुखरूप आहे का, किती दिवस उरले: दवाखाना. आणि कोणी "कर्ज फिटन का" हा प्रश्न जमिनीकडे पाहत, हळू आवाजात विचारला, तर वही मिटा. त्याच्याजवळ बसा, घरच्याला बोलवा, टेलिमानसचा १४४१६ हा नंबर लावून द्या. तिथं लग्नेश शोधत बसू नये.

कापसाचा तो प्रश्न वहीत आहे. लाभेश (अकराव्याचा स्वामी) आणि लग्नेश यांचा ईसराफ होता, म्हणून मी लिहिलं: "थांबून फायदा नाही." विचारणाऱ्यानं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि कापूस घरातच ठेवला. शेवटच्या रकान्यात ३१ मार्च ही तारीख आहे, पुढं अजून कोरं आहे.